पाँप्लेमूसच्या बागेतलं जायफळ

1770 सालच्या जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ईल द फ्रांस बेटावर, म्हणजे आजच्या मॉरिशसला, दोन फ्रेंच जहाजं पोर्ट लुईच्या बंदरात शिरली. एकाचं नाव व्हिजिलाँ, दुसऱ्याचं एत्वाल द्यू मातँ. या बंदराला तांदळाची, कापडाची, मादागास्करहून येणाऱ्या गुरांची आणि साखळदंडातल्या माणसांची सवय होती. या खेपेला मात्र मातीनं भरलेल्या पेट्या उतरल्या. त्यांत जायफळाची सुमारे 400 रोपं होती, लवंगेची 70, आणि शिवाय रुजायच्या बेतात असलेली दहा हजार जायफळं. बेटाचा इंतेंदां, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या वतीनं तिजोरी आणि मुलकी कारभार सांभाळणारा अधिकारी, पंचवीस वर्षं या पेट्यांची वाट पाहत होता. त्याचं नाव पिएर प्वाव्र. त्याला उजवा हात नव्हता, आणि तो हात गमावल्यामुळेच तो जायफळाच्या मागे लागला होता.

ही रोपं कुठून आली आणि ती आणण्यासाठी दोन जहाजं वर्षभर समुद्रात का घालवावी लागली, हे कळायला जायफळाच्या भावाकडे पाहावं लागतं. त्या काळी जायफळाचा भाव बाजारात ठरत नव्हता. तो एका कंपनीच्या कचेरीत ठरत होता.

जायफळाचं झाड मूळचं बांदा बेटांवरचं. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला, समुद्रात विखुरलेली ही मूठभर बेटं: नेरा, लोंथोर, आय, रुन आणि आणखी थोडी. शतकानुशतकं जगाला पुरणारं जायफळ आणि जायपत्री या चिमूटभर जमिनीतून निघत होती. मलाय, जावानी, अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून ती मलाक्क्याला, सुरतेला, होर्मुझला आणि तिथून युरोपात जायची. प्रत्येक बंदरात भाव चढायचा, पण वाटेवर हात अनेक होते आणि बांदाचे लोक हव्या त्या गिऱ्हाइकाला माल विकायला मोकळे होते. सतराव्या शतकात आलेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला हेच नको होतं. 1621 साली कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून फौज घेऊन बांदावर उतरला. 44 प्रमुखांची जपानी भाडोत्री सैनिकांकरवी मुंडकी उडवली गेली. बेटांवर तेव्हा अंदाजे 15 हजारांची वस्ती होती. कत्तल, उपासमार, गुलामगिरी आणि पळापळ यांतून त्यांतले जेमतेम हजारभर लोक बेटांवर उरले. मग कंपनीनं जमिनीचे तुकडे पाडले, आपल्या माणसांना वाटून दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. आपल्या स्वयंपाकघरातल्या या सौम्य, गोडसर वासाच्या फळाच्या व्यापाराचा पाया असा घातला गेला. तो इतिहास वगळून जायफळाच्या भावावर काही लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही.

पुढची दीडशे वर्षं कंपनीनं हा भाव दोन टोकांनी आवळून धरला. बांदावर मळेवाल्यांकडून माल कवडीमोलानं घ्यायचा आणि अॅमस्टरडॅमला ठरवून चढ्या भावानं विकायचा. लवंगही त्यांच्याच मुठीत होती, आणि तिचा भाव अठराव्या शतकात त्यांनी पौंडाला 75 स्टायव्हरांवर (स्टायव्हर हे डच नाणं) गोठवूनच टाकला होता. पीक जास्त आलं की ते जाळायचं. 1760 सालच्या जूनमध्ये अॅमस्टरडॅममध्ये मसाल्याच्या राशींना आग लावली, ती वाल्माँ द बोमार या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं डोळ्यांनी पाहिली आणि लिहून ठेवली. वितळलेलं सुगंधी तेल बघ्यांच्या पायांपर्यंत वाहत आलं होतं, पण एक जायफळ उचलायची कुणाला मुभा नव्हती. बांदाबाहेरच्या बेटांवर जायफळाचं रानटी झाड दिसलं तर तेही तोडायला कंपनी तुकड्या पाठवत असे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जायफळाला चुन्याच्या पाण्यात बुचकळून काढायची पद्धत होती. चुन्यानं किडीपासून बचाव व्हायचा, आणि फळ रुजणार नाही अशीही कंपनीची खात्री होती.

मराठी मुलुखालाही ही कंपनी परकी नव्हती. आपल्या जुन्या कागदांतले वलंदेज ते हेच. 1637 मध्ये त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, तिचे अवशेष आजही तिथे उभे आहेत. सुरतेच्या वखारीतून ते जायफळ, जायपत्री आणि लवंग हिंदुस्थानच्या बाजारात सोडत. आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या घरी श्रीखंडात किसलं गेलेलं किंवा बाळगुटीत उगाळलेलं जायफळ असल्याच वखारीतून आलेलं असणार, आणि त्याची किंमत बांदाच्या रक्तात मोजली गेली होती.

या कुलुपाची खरी मजबुती मात्र चुन्यात नव्हती, जायफळाच्या स्वभावात होती. झाडावर पिकलेलं फळ पिवळसर, जर्दाळूएवढं असतं. पिकलं की ते उभं उकलतं आणि आतून लालभडक जाळी दिसते, ती जायपत्री. जाळीच्या आत काळपट तपकिरी, चकचकीत कवच, आणि कवचाच्या आत आपण किसतो ते जायफळ. कवचातलं बी ओलं असेपर्यंतच जिवंत. आठवडाभर कोरड्या हवेत राहिलं की ते मसाला म्हणून कितीही टिकेल, पण रोप म्हणून मेलेलं. त्यामुळे चोरून आणायचं तर ताजं बी लगेच मातीत घालायचं, ती माती जहाजावर ठेवायची, समुद्राचं खारं पाणी तिच्यावर उडू द्यायचं नाही आणि खलाशांच्या पिण्याच्या पाण्यातलं पाणी महिनोन् महिने रोपांना घालायचं. कितीतरी प्रयत्न या एका अडचणीपायी वाया गेले.

प्वाव्र लियोंचा. जन्म 1719 चा, घर व्यापाऱ्याचं. तरुणपणी ख्रिस्ती धर्मप्रचारक होण्यासाठी तो चीनला आणि कोचीनचीनला, म्हणजे आजच्या व्हिएतनामला गेला. 1745 मध्ये मायदेशी परतताना सुमात्राजवळच्या बांगका सामुद्रधुनीत इंग्रजांनी त्याचं जहाज गाठलं. तोफेच्या गोळ्यानं त्याचं मनगट चिरडलं आणि इंग्रज शस्त्रवैद्यानं हात कापला. प्रार्थना चालवायला आणि आशीर्वाद द्यायला उजवा हात लागतो, त्यामुळे पाद्री होण्याचा मार्ग बंद झाला. इंग्रजांनी कैद्यांना बटाव्हियाला, आजच्या जकार्त्याला, सोडून दिलं. बटाव्हिया ही डच कंपनीची राजधानी. तिथे काही महिने काढताना या विशीतल्या पंगू तरुणानं वखारी पाहिल्या, कप्तानांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलणी केली आणि एका निष्कर्षावर आला: डचांच्या हातात मसाल्याची मक्तेदारी टिकली आहे ती त्यांच्या बळापेक्षा इतरांच्या अज्ञानावर आणि भित्रेपणावर. बांदा ज्यांत मोडतात त्या मोलुक्कास बेटांच्या समुद्रात शेकडो निर्जन किनारे आहेत, डचांवर रुसलेले राजे आहेत. एका माणसानं जिवंत रोप आणून दुसऱ्या बेटावर लावलं, की सव्वाशे वर्षांचं कोठार फुटेल.

पहिल्या फेरीत ते फुटलं नाही. फ्रेंच कंपनीनं पाठवलेला प्वाव्र मनिलाहून खटपट करत 1753 च्या अखेरीस ईल द फ्रांसला आला, तेव्हा त्याच्याजवळ जायफळाची पाच रोपं होती. कंपनीच्या बागेचा मुख्य होता वनस्पतिशास्त्रज्ञ फ्युझे-ओब्ले. त्यानं ही रोपं खऱ्या जायफळाची नाहीतच असा निर्वाळा दिला. रोपं मेली. ओब्लेनंच ती मारली, असा आरोप प्वाव्रच्या बाजूचे लोक आयुष्यभर करत राहिले. खरं काय ते त्या दोघांनाच ठाऊक. दोन माणसांच्या वैरात पाच रोपं मरणं मात्र मला अगदी शक्य वाटतं, कारण परदेशी रोपाला लागतं तसं चिवट, रोजचं लक्ष वैऱ्याच्या बागेत मिळत नाही. 1755 मध्ये प्वाव्र तिमोरकडून पुन्हा आला, पण पदरात फारसं पडलं नाही. परतीच्या वाटेवर तो पुन्हा इंग्रजांच्या कैदेत सापडला. शेवटी लियोंजवळच्या आपल्या वाडीत जाऊन शेती करू लागला, आणि तिथेच त्याची कहाणी संपायची.

पण 1763 साली फ्रान्स सात वर्षांचं युद्ध हरला. हिंदुस्थानातल्या साम्राज्याची आशा संपली, पाँडिचेरीला नुसती वखार उरली. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली, आणि राजानं ईल द फ्रांस आणि बूर्बों, म्हणजे आजचं रेयुनियों, ही दोन बेटं तिच्याकडून स्वतःकडे घेतली. या बेटांचं करायचं काय? पूर्वेला जाणाऱ्या जहाजांना पाणी आणि विश्रांती द्यायला ती उपयोगी होती, पण उत्पन्न नव्हतं, खर्च अफाट होता. मसाल्याचं पीक इथे रुजलं, तर डचांच्या भावाला धक्का बसेल आणि बेटंही पोसली जातील, असा हिशोब होता. 1767 मध्ये प्वाव्र इंतेंदां म्हणून पोर्ट लुईला उतरला.

त्याच्या कारभाराबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे 1769 चा जंगलाचा कायदा. बेटावर झाडतोड बेसुमार चालली होती. झाडं गेली की पाऊस कमी होतो, ओढे आटतात, असं प्वाव्रचं मत होतं. त्यानं प्रत्येक जमीनधारकाला जमिनीचा चौथा हिस्सा झाडांखाली ठेवायला भाग पाडलं. पर्यावरणाच्या इतिहासात हा कायदा आज मोठ्या आदरानं सांगितला जातो. त्याच प्वाव्रनं आल्या आल्या भाषणात सांगितलं, की हे बेट मोकळ्या माणसांच्या हातांनी पिकायला हवं. आणि तरी त्याच्याच वाडीत गुलाम राबत होते. बेटावर गुलामांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पट होती. मोझांबिकचे, मादागास्करचे, आणि हिंदुस्थानातूनही, मलबार आणि बंगालच्या किनाऱ्यावरून, विकत आणलेले. जायफळाची जी रोपं पुढे जगली ती त्यांच्या हातांनी जगली. दरबारी कागदांत नावं इंतेंदांची, गव्हर्नराची आणि वनस्पतिशास्त्रज्ञांची आहेत. ज्यांनी पाणी घातलं त्यांची जवळजवळ नाहीतच.

1769 मध्ये प्वाव्रनं दोन जहाजं पूर्वेला पाठवली. व्हिजिलाँवर कप्तान त्रेमिगों, एत्वाल द्यू मातँवर कप्तान देचेव्हरी, आणि बरोबर प्वाव्रचा विश्वासू प्रोव्हो, ज्याला मलाय भाषा येत होती. डचांच्या ठाण्यांपासून दूर राहत ते मोलुक्कासच्या उत्तरेकडच्या बेटांवर फिरले, आणि शेवटी गेबे बेटावर आणि पातानीच्या किनाऱ्यावर त्यांना हवं ते मिळालं. तिथल्या राजांना डचांचा जाच झाला होता. आपली झाडं तोडणाऱ्या कंपनीला नुकसान होईल असं काही करायला त्यांचा हात मोकळा होता. ताजी फळं जमवली गेली, रोपं मुळांसकट खणली गेली, पेट्यांत माती भरली गेली. परतताना डच गस्तीची गलबतं आडवी आली, तेव्हा वाट चुकल्याची बतावणी करून त्यांनी सुटका करून घेतली.

पोर्ट लुईला पेट्या उतरल्यावर प्वाव्रनं सर्वांत आधी खात्रीची मोहोर घेतली. ओब्लेच्या वेळचा धडा तो विसरला नव्हता. फ्रेंच दर्यावर्दी बुगँव्हिलच्या पृथ्वीप्रदक्षिणेवरून उतरलेला वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों तेव्हा बेटावरच होता. त्यानं रोपं तपासली आणि ही खरी जायफळं आणि खरी लवंगच असल्याचा दाखला लिहून दिला. याच कोमेर्सोंबरोबर पुरुषवेषात जहाजावर चढलेली झान बारे होती. पृथ्वीला वळसा घालणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद होते. त्या काळात त्याच्या वनस्पतिसंग्रहाचं काम तीच सांभाळत होती. पुढे 1772 मध्ये आणखी एक मोहीम मोठ्या संख्येनं रोपं घेऊन परतली. त्या खेपेला पिएर सोन्नेरा हा तरुण निसर्गअभ्यासक जहाजावर होता.

रोपं आली, पण जायफळ आलं नव्हतं. प्वाव्रनं बेटावरच्या पाँप्लेमूसला माँ प्लेझीर ही वाडी घेतली होती, तिथे काही रोपं लावली. बरीच वसाहतकऱ्यांना वाटली. त्यांत बहुतेक मेली. ईल द फ्रांसच्या हवेत दोन गोष्टी जायफळाला जाचक होत्या: वारा आणि उन्हाळी वादळं. बांदावर जायफळाची झाडं उंच कनारी वृक्षांच्या सावलीत वाढतात. इथे सावली नव्याने तयार करावी लागत होती, आणि दर दोन-चार वर्षांनी येणारं वादळ ती मोडून टाकत होतं. 1772 मध्ये प्वाव्र फ्रान्सला परतला. माँ प्लेझीर राजाच्या ताब्यात गेली. नव्या इंतेंदांला या बागेत रस नव्हता.

बाग वाचवली ती झाँ-निकोला सेरे या माणसानं. 1775 पासून 1810 पर्यंत, पस्तीस वर्षं, तो पाँप्लेमूसच्या राजाच्या बागेचा मुख्य होता. पैसे कमी, माणसं कमी, शिवाय वर्षावर्षाला बदलणारे अधिकारी. पण तो हटला नाही. लवंगेला 1776 मध्ये फळ आलं. जायफळाला आणखी दोन वर्षं लागली. डिसेंबर 1778 मध्ये, रोपं आल्यावर आठ वर्षांनी, पाँप्लेमूसमधलं पहिलं जायफळ पिकलं आणि गव्हर्नराच्या उपस्थितीत समारंभानं तोडलं गेलं.

आठ वर्षं का लागली, यामागे जायफळाची आणखी एक खोड आहे. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी असते. फळ फक्त मादीला येतं, आणि झाड फुलेपर्यंत, म्हणजे सहा-आठ वर्षं, ते नर आहे की मादी हे कळत नाही. सेरेनं जीव लावून वाढवलेल्या झाडांपैकी निम्मी नर निघाली की ती सावलीपुरती. आपल्या कोकणातल्या बागायतदाराला हे सांगावं लागणार नाही. नारळ-सुपारीच्या वाडीत जायफळ लावणाऱ्याला हीच चिंता असते. आज मादी झाडाचं कलम करून ती सुटते, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जातीही दिल्या आहेत. सेरेच्या काळात यातलं काही नव्हतं. त्याच्याजवळ होतं ते थांबणं, आणि बेटावरच्या वादळांपुढे ते किती अवघड असतं हे त्याच्या पत्रांतून जाणवतं.

जायफळाच्या फुटीची आणखी एक शाखा आफ्रिकेजवळच्याच दुसऱ्या बेटावर होती. प्वाव्रनं सेशेल्समध्ये माहे बेटावर, आँस रोयाल इथे, मसाल्याची बाग लावण्यासाठी आंत्वान जिलो याला 1772 मध्ये पाठवलं. हेतू असा होता, की वादळांच्या पट्ट्याबाहेरच्या या बेटावर जायफळ सुरक्षित राहील. झाडं वाढलीही. 1780 मध्ये इंग्रज-फ्रेंच युद्ध चालू असताना बंदराबाहेर एक जहाज दिसलं, त्यावर इंग्रजी निशाण होतं. बेटाचा अधिकारी रोमँव्हिल याला आदेश होता, की मसाल्याची रोपं शत्रूच्या हाती पडू द्यायची नाहीत. त्यानं बागेला आग लावून दिली. जहाज जवळ आलं तेव्हा कळलं, की ते फ्रेंच होतं. बेट इंग्रजांनी आधीच घेतलं असेल या भीतीनं कप्तानानं इंग्रजी निशाण चढवलं होतं. जायफळ, लवंग सगळं राखेत गेलं. दालचिनी तेवढी तगली, आणि पक्ष्यांनी तिचं बी माहेच्या डोंगरांवर इतकं पसरवलं, की पुढे सेशेल्सनं दालचिनीची साल निर्यात केली.

या आगीची गोष्ट मला फार अस्वस्थ करते. डचांनी भाव राखण्यासाठी जायफळ जाळलं, फ्रेंचांनी रोप राखण्यासाठी. दोन्ही ठिकाणी जळणाऱ्या झाडावर हात फिरवणारा माणूस निर्णय घेणाऱ्यांत नव्हता.

आता भावाचा खरा प्रश्न. पाँप्लेमूसच्या झाडांनी जायफळाची किंमत पाडली का? सरळ उत्तर असं, की नाही. मॉरिशसचं जायफळ कधीच व्यापाराला पुरेल एवढं निघालं नाही. त्या बागेचं काम वेगळं होतं. ते झाड बांदाबाहेर जगतं, फळतं, हे तिनं सिद्ध करून दाखवलं. सेरेनं रोपं बूर्बोंला पाठवली, अटलांटिकपारच्या कायेनला पाठवली. बूर्बोंवर जोझेफ ह्युबेर या बागायतदारानं लवंगेचं पीक उभं केलं. म्हणजे कुलूप फुटलं ते लवंगेपासून, आणि मुख्यतः आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मस्कारेन बेटांवरून, म्हणजे ईल द फ्रांस आणि बूर्बोंच्या गटातून, लवंग झांझिबारला पोचली. ओमानी सुलतान सैयद सईदनं गुलामांच्या बळावर झांझिबार आणि पेंबाचे डोंगर लवंगेनं भरून टाकले. कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी त्याला भांडवल पुरवलं, आणि माल मोठ्या प्रमाणात मुंबईच्या बाजाराला आला. लागवड इतकी वाढली, की 1830 नंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत लवंगेचा भाव कोसळला. डचांनी शतकभर गोठवलेला भाव मोकळ्या बाजाराला तोंड देऊ शकला नाही. झांझिबारला जायफळाची झाडंही लागली, पण लवंगेच्या तुलनेत ती दुय्यम राहिली.

जायफळाचा स्वतःचा भाव तुटला तो दुसऱ्याच दारानं. 1795 मध्ये फ्रेंच फौजांनी हॉलंड घेतलं, त्यामुळे डचांच्या वसाहती इंग्रजांना खुल्या झाल्या. 1796 च्या मार्चमध्ये इंग्रज अॅडमिरल रेनियर बांदाला पोचला आणि कंपनीच्या कोठारात त्याला सुमारे 85 हजार पौंड जायफळ आणि 20 हजार पौंडांच्या आसपास जायपत्री सापडली. त्या मालाच्या लुटीतून एकेक कप्तान श्रीमंत झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ख्रिस्तोफर स्मिथ हा इंग्रजांचा वनस्पतिशास्त्रज्ञ पुढची काही वर्षं बांदा आणि अंबोनहून रोपं पाठवत राहिला. पिनांगला, कलकत्त्याला आणि आणखी ठिकाणी. प्वाव्रनं चोरून जे मोजक्या पेट्यांत आणलं होतं, ते इंग्रजांनी विजेत्याच्या हक्कानं हजारोंनी नेलं. 1799 च्या अखेरीस डच कंपनीची सनद संपली, कंपनी आधीच कर्जानं खचलेली होती. पिनांग आणि सिंगापूरला जायफळाच्या बागांची लाट आली, आणि 1850-60 च्या सुमारास रोगानं ती तितक्याच वेगानं ओसरली. 1843 मध्ये ग्रेनेडाला गेलेलं रोप मात्र तगलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डच सरकारनंही बांदावरची सक्तीची खरेदी सोडून दिली, आणि जायफळ कुणा एकाच्या कोठाराची वस्तू राहिलं नाही.

प्वाव्रला या सगळ्यातलं फारसं पाहायला मिळालं नाही. 1786 च्या जानेवारीत तो लियोंला वारला. त्याचं चरित्र लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ द्यू पों द नेमूर, पुढे त्यानंच प्वाव्रच्या विधवेशी लग्न केलं. या द्यू पोंचा मुलगा अमेरिकेत गेला आणि त्यानं दारूगोळ्याचा कारखाना काढला, तीच आजची द्यूपाँ कंपनी. जायफळाच्या गोष्टीशी तिचा एवढाच धागा.

1810 च्या डिसेंबरमध्ये इंग्रजांनी ईल द फ्रांस घेतलं, तेव्हा मोहिमेचा सेनापती जॉन अॅबरक्रोंबी हा मुंबई इलाख्याच्या फौजेचा मुख्य होता. त्याच वर्षी सेरे वारला. बेटाला पुन्हा मॉरिशस हे जुनं डच नाव मिळालं. इंग्रज सरकारनं 1825 मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचं जकातीचं ओझं वेस्ट इंडीजच्या साखरेइतकंच केलं, आणि बेटाचा निर्णय झाला. उसानं सगळं व्यापलं. वादळात ऊस आडवा पडतो, पण मुळावरून पुन्हा फुटतो. जायफळाचं झाड पडलं की आठ वर्षांची कमाई पडते. जमीनदारांनी केलेली निवड मला चुकीची म्हणवत नाही, पण त्या निवडीची किंमत ज्यांनी मोजली ते जमीनदार नव्हते. 1835 मध्ये गुलामी संपली आणि ऊस तोडायला हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आले, 1834 पासून 1910 पर्यंत चार लाखांहून अधिक. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि कोकणपट्टीचे लोक होते, आणि त्यांच्या वंशजांमुळे मॉरिशसमध्ये आज मराठी समाज आहे, गणेशोत्सव आहे. त्यांच्या घरांत जायफळ वापरलं जातं, पण त्या जायफळाचा पाँप्लेमूसच्या बागेशी संबंध नाही. ज्या बेटावर बांदाबाहेरचं जायफळ फळवून दाखवण्याची शर्थ झाली, ते बेट आज आपलं जायफळ बाहेरून विकत घेतं.

बाहेर म्हणजे कुठून, हे भाव ठरवतो. जगाचा माल मुख्यतः इंडोनेशिया, भारत, श्रीलंका आणि ग्रेनेडा यांच्याकडून येतो. 2004 च्या सप्टेंबरमध्ये आयव्हन चक्रीवादळानं ग्रेनेडावर झडप घातली, तेव्हा तो देश जायफळात जगात दुसरा होता. त्याची बहुतांश झाडं एका दिवसात मोडली, आणि नवं झाड फळायला पुन्हा तीच आठ वर्षं. पुढच्या काही वर्षांत जगभर जायफळ महागलं. जहाजाचं भाडं, वादळ, एका बेटावरची मोडलेली झाडं यांचा भार पोर्ट लुईच्या किराणा दुकानात थेट पोचतो, कारण आयात करणाऱ्याला भाव ठरवता येत नाही. केरळच्या एर्नाकुलम, थ्रिस्सूर, कोट्टायमच्या वाड्यांतून आणि थोडं आपल्या कोकणातून निघणारं जायफळ याच बाजारात जातं. मलबारच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी पाँप्लेमूसच्या रोपांना पाणी घातलं असणार. त्याच किनाऱ्यावरच्या वाड्यांत आज जायफळ पिकतं, तोडून, जायपत्री सोडवून, उन्हात वाळवून पोत्यांत भरलं जातं, आणि त्यातला काही माल बोटीनं हिंदी महासागर ओलांडतो.